निर्जला एकादशी आणि विलायती डबा

कॉलेजात मी नुकतंच शिकलो होतो, की पेशी साखर एकदम जाळत नाही. आधी पदरची थोडी शक्ती घालते, ग्लुकोजचे दोन तुकडे करते, मग प्राणवायूच्या मदतीनं ते आणखी मोडत शक्ती मोकळी करते. एवढं ज्ञान घेऊन मी गंगेवरच्या बालाजी घाटाच्या पायऱ्या अशा चढायचो, की जणू गंगा मीच खाली आणली.

त्या ज्येष्ठात लूचे गरम वारे नुसते भाजत होते. निर्जला एकादशी. आमच्याकडे राहणाऱ्या विधवा आत्यानं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. दुपारी ती देवघरासमोर कोसळली. शुद्ध होती, पण हात गार. आत्या जाते की काय, अशी भीती वाटली.

तरी व्याख्यानाची खोड जाते का! "तिच्या पेशींना ग्लुकोज हवंय," मी वडिलांना सुनावलं. मागे डॉक्टरांनी दिलेला ग्लुकोजचा विलायती डबा कपाटात होता. वडील शास्त्री. म्हणाले, "औषध असेल तर चालेल." इथे गप्प बसावं की नाही? पण छे! "अगदी शुद्ध असतं. मक्यापासून काढतात."

"मका? म्हणजे धान्य!"

झालं! शेजारचे दोन वैदिक आले. धान्याची साखर धान्यच की नाही, यावर खल सुरू. बाई जमिनीवर पडलीय आणि विद्वान मांडी ठोकून बसलेत! आत्यानं सगळं ऐकलं आणि ओठ घट्ट मिटले.

एवढ्यात आई कपाटापाशी गेली आणि तिथून देवघरात. ते फक्त मी पाहिलं. ती बाहेर आली ती वाटी घेऊन. "वन्सं, मंगला गौरीच्या देवळातलं तीर्थ आहे." तीर्थाला नको कोण म्हणणार? पळीभर घ्यायचं ते तिनं वाटीभर पाजलं. विद्वानांनी हात जोडले.

थोड्या वेळानं आत्या उठून बसली. पेशींनी कुणाच्या निर्णयाची वाट पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पारणं झाल्यावर मी हळूच म्हटलं, "आत्या, कालचं तीर्थ..."

"गोड होतं. मेल्या, मला काय जीभ नाही?" ती म्हणाली. "मला जगायचं होतं रे. तुझ्या आईनं ते ओळखलं. तू डबा वाचून दाखवत बसलास."