हाताने अडवून दाखवलेली मोटर

सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरने जळगाव सोडलं की दोन्ही बाजूंना कापूस निघून गेलेली काळी रानं लागतात. सकाळी नऊलाच खिडकीची सळई हाताला चटका देत होती. धरणगाव स्टेशनवर कमलअक्का घ्यायला आल्या होत्या. तंत्रशाळेच्या कार्यशाळेत त्या निदेशक होत्या. निवृत्तीनंतर पडवीत त्यांनी संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं सीएनसी यंत्र स्वतः बांधलं आहे. मी जळगावला वार्ताहर होतो, तेव्हापासूनची ओळख.

वस्तीतल्या बुद्धविहाराच्या दारासाठी लोकांनी सागाच्या सहा फळ्या दिल्या होत्या. दाराला चार लागतात. दोन वाया गेल्या होत्या. म्हणजे आता एकही चूक परवडणार नव्हती, आणि बुद्धपौर्णिमा आठवड्यावर आली होती.

वाया गेलेली फळी अक्कांनी दाखवली. पिंपळपानाची कड सुरू झाली होती तिथे परत येऊन मिळालीच नव्हती. बोटभर बाजूला सरकली होती. यंत्रातलं पातं सरकवणारी स्टेपर मोटर विजेच्या प्रत्येक इशाऱ्याला ठरलेलं एक पाऊल फिरते. पाऊल चुकलं तर यंत्राला कळत नाही. ते चुकीच्या जागेवरून पुढे कोरत राहतं.

जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा होता. जेवताना अक्कांनी खरेदीची हकिकत सांगितली. जळगावच्या दुकानदाराने लहान मोटर बाजूला सारली, मोठी काउंटरवर ठेवून वीज सोडली आणि ती सावकाश फिरत असताना म्हणाला, दांडा हाताने अडवून दाखवा. त्यांना अडवता आला नाही. त्यांनी मोठ्या तीन घेतल्या, त्या चालवणारी विजेची पेटीही त्यानेच दिली.

"आपल्याकडे विहिरीवर मापाची मोटर कोण बसवतं? एक नंबर मोठीच बसवतात," अक्का म्हणाल्या. "आयुष्यभर शिकवलं, आणि दुकानात मीही विहिरीवरच उभी राहिले."

चूक त्यांनी लपवली नाही. फळ्या बिघडल्यावर दुकानदाराला फोन केला, तेव्हा त्याने मात्र मोटर उत्तम आहे, प्रोग्राम तुमचाच चुकला, घरातल्या कुणा पुरुषाला बोलायला द्या, असं सांगितलं. तालुक्यातल्या निम्म्या लेथवरचे लोक ज्या बाईंकडून मापं घ्यायला शिकले, त्यांना हे ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने आम्ही नरडाण्याला गेलो. तिथल्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्ती करणारे राजूभाऊ अक्कांचे जुने विद्यार्थी. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी मोटरीवरची पट्टी वाचली, मग ड्रायव्हरवरची (मोटरीला वीज मोजून देणारी पेटी). मोटरीला सहा अँपिअर हवे होते. पेटी चाराच्या वर देत नव्हती. व्होल्टही अपुरे. अशी मोटर सावकाश फिरताना कुणाच्या हाताला दाद देत नाही आणि वेग दिला की दम सोडून पावलं चुकवते.

"मोटर वाईट नई शे, अक्का. जोडी चुकी गई," राजूभाऊ म्हणाले. (मोटर वाईट नाही, जोडी चुकली.) मग हसून विचारलं, यंत्र कोरायला केलं की केळीला पाणी द्यायला?

त्याच पेटीला जुळणाऱ्या तीन लहान मोटरी त्यांच्या घरी पडून होत्या. दार बसेपर्यंत वापरा म्हणाले.

लहान मोटरींची भोकं जुन्या जागी बसेनात. अक्कांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून नवी बैठक केली. आधी आंब्याच्या लाकडाच्या तुकड्यावर पान कोरलं, मग सागाची फळी लावली. यंत्र चालू असेपर्यंत त्यांचा हात बंद करण्याच्या बटणावरून हलला नाही. कड मिळाली तिथे त्यांनी नख फिरवलं. कुठे अडकलं नाही.

परतीच्या वाटेवर, अक्कांच्या सांगण्यावरून, मोठ्या मोटरी घेऊन मी त्या दुकानात गेलो. काउंटरवर फैजपूरचा एक सुतार उभा होता. त्याच्यासमोर तशीच मोटर फिरत होती आणि त्याचा हात दांड्यावर होता.

"हीच मोटर याच ड्रायव्हरवर जोरात पळवा, आणि मग त्यांना धरायला सांगा," मी म्हणालो.

"ती टेस्ट आम्ही करत नाही."

"का?"

 मोटरी परत घेणार नाही, असं म्हणून दुकानदाराने वीज बंद केली. चांगली मोटर चुकीच्या पेटीला जोडून विकायची, आणि लाकूड नासलं की घेणाऱ्यालाच अडाणी ठरवायचं, हा त्याचा रोजचा धंदा होता. अजाणता झालेली चूक असती तर हात बटणाकडे इतक्या चटकन गेला नसता.

सुताराने दांडा सोडला नव्हता. वीज गेल्यामुळे दांडा आता दोन बोटांत फिरत होता. त्याने तो एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून पाहिला आणि दुकानदाराला म्हणाला, "भाऊ, ते म्हणतात तसं पळवून दाखवा."