ताईंचा वाफा

माझ्या जाऊबाई मातीला भ्यायच्या.

साप निघाला तर काठी घेऊन पुढे व्हायच्या. पण मे महिन्यात अंगणात बारीकशी भेग दिसली की त्यांचं जेवण बंद.

मी त्यांना ताई म्हणायची. आज त्यांचा स्मृतिदिन.

नव्वदच्या दशकातली आमची हिंगणघाटची गल्ली. नाली फक्त नावाला. पाऊस आला की सगळ्यांचं घाण पाणी आमच्या अंगणात, आणि अंगणात विहीर. अर्धी गल्ली तिचंच पाणी प्यायची.

ताई बी.एस्सी. अ‍ॅग्री. त्यांनी नाली आणि विहिरीच्या मध्ये खोल वाफा खणून घेतला. पाणी त्यात थांबेल, गाळलं जाऊन हळूहळू जिरेल.

भरायचं काय, इथे गाडी अडली.

नुसती रेती भरली, तर पाणी सरसर खाली गेलं आणि विहिरीला चहाचा रंग आला.
नुसती काळी माती भरली, तर पाणी हलेचना. थेट माझ्या चुलीपर्यंत आलं.

मग भोकं पाडलेल्या तेलाच्या डब्यांत रेती, शेणखत, काळी माती कमी-जास्त करून ताई पाणी ओतत बसायच्या. मी म्हणायची, "ताई, एवढ्यात पुरणाचा स्वयंपाक झाला असता."

शेवटी मिक्स जमलं. विहिरीच्या बाजूने मात्र त्यांनी काळ्या मातीची जाड भिंत घातली, घाण पाणी आडवं शिरू नये म्हणून.

आणि काळी माती उन्हाळ्यात फाटते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. भिंत फाटली आणि अवकाळी पाऊस आला, की नालीचं पाणी सरळ विहिरीत. ताईंचा धाकटा भाऊ असल्याच पाण्यानं काविळीत गेला होता.

म्हणून मे महिनाभर त्या मातीला पाणी घालायच्या. टँकरच्या दिवसांत.

शेजारच्या काकू दारातून ओरडायच्या, "माणसाले प्याले पाणी नाई अन् तू मातीले पाजून राह्यली?"

ताई म्हणायच्या, "मले भेव वाटते काकू. काय करू?"

पुढे ताईच आजारी पडल्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात, आवाज पार बसलेला, तरी मला विचारायच्या, "वाफा ओला हाय ना वं?"

"हाय ताई." आणि असायचाच. घरी आले की आधी तेच काम करायची मी.

शेवटच्या आठवड्यात मात्र, ऐन मे महिन्यात, आम्ही सगळे दवाखान्यातच होतो.

ताई गेल्या. त्यांना घरून मसणात नेलं आणि थोड्या वेळात आभाळ काळं झालं. मी अंगणात गेले.

भिंतीला भेग. माझी बोटं आत गेली.

माझी मिनू तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागलेली. पाणी उकळून ठेवलं तरी विहिरीच्या बादलीत तोंड घालून प्यायची. माझं रडू तिथेच थांबलं.

मसणातून येणाऱ्यांसाठी ड्रम भरून ठेवला होता. मी भेगेत माती कोंबली, पायानं तुडवली आणि ड्रममधलं पाणी ओतायला लागले.

एक बाई म्हणाली, "पागल झाली का? मानसं आल्यावर त्याइले पाणी कोठून देशीन?"

काकू उठल्या. मला वाटलं, आता ह्या पण शिव्या घालणार. त्या घरी गेल्या आणि आपला प्यायच्या पाण्याचा भरलेला पितळी गुंड घेऊन आल्या.

"सरक वं. रडाले आयुष्य पडलं हाय. आधी भेग बुजव."

आम्ही दोघींनी माती तुडवली. मग पाऊस आला, नको तेवढा.

त्यानंतर किती तरी दिवस मी रोज सकाळी मिनूच्या पापण्या खाली ओढून डोळे बघायची. पिवळे तर नाहीत ना? ती चिडायची. मला घास उतरायचा नाही.

मिनूला काही झालं नाही. गल्लीत कुणालाच नाही. वाफ्यामुळे की नशिबानं, मला सांगता येणार नाही.

आता गल्लीत सिमेंटची नाली आहे, घरोघरी नळ आहेत. तरी मे महिन्यात ढग आले की मी वाफ्याकडे धावते. मिनू हसत नाही. बादली भरून देते.

आज सकाळी पण दिली.

ताई, वाफा ओला आहे.
आता भिऊ नका.