मोहांवर शिक्का मारणारे आप्पा

आप्पा हातोडा कधी घरात आणत नसत. जंगलातून आले की तो बाहेर कुडाला अडकवायचा, पाय धुवायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. हातोड्याच्या तोंडावर सरकारी शिक्का होता. झाडाची साल तासून आप्पांनी तो एकदा हाणला, की ते झाड तोडीला गेलंच.

"बाहेर ठेवतस, चोर लई जाई," त्यांची बायको, आमच्या वहिनी, कुरकुरायच्या.

"लई जावो. मन्ही सुटका व्हई."

आप्पा मूळचे रनाळ्याचे, जंगलखात्यात वनपाल. मी खांडबाऱ्याला शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा त्यांच्या आणि आमच्या खोलीमध्ये एकच भिंत होती. चुलीचा धूर इकडून तिकडे जायचा, गप्पाही. डोंगरातून येताना आप्पांच्या रुमालात टेंभुर्णीची फळं नाहीतर चारोळ्या असत, आणि त्यातला निम्मा वाटा आमच्या मुलीचा. साहेबांपुढे ते पुस्तकी मराठी बोलायचा आटापिटा करत. मन भरून आलं की मात्र थेट अहिराणी.

त्या वर्षी डोंगरातला एक मोठा तुकडा ठेकेदाराला गेला. एरवी मोहाची झाडं राखत. या वेळी हुकूम सरसकट तोडीचा होता. सगळं साफ करून नुसता साग लावायचा. आप्पांनी साग, सादडा, तिवस सगळ्यांवर शिक्के मारले आणि मोह तेवढे सोडले. ठेकेदाराने तक्रार केली. साहेब जीप घेऊन आले.

"मोह का राहिले?"

"साहेब, फुलं वेचून या लोकांचं... जेठ महिनामा ह्या लोके काय खातीन, साहेब?"

"ते तुमचं काम नाही. आत्ता मारा, माझ्यासमोर."

पाड्यावरची माणसं गोळा झाली होती. त्यांत जेठीबाई नावाची म्हातारी होती. आप्पा तिच्या घरी पाणी प्यायचे. ती पुढे येऊन तिच्या मावची बोलीत म्हणाली, "आप्पा, तूच सरकार ना? मग नको म्हण."

"मी सरकारना माणूस शे, माय. सरकार नही."

आणि आप्पांनी हातोडा उचलला. संध्याकाळी हे मला सांगताना ते उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. त्या रात्री ते जेवले नाहीत.

फाल्गुनात बायका सवयीने टोपल्या घेऊन तिथे गेल्या. आप्पांनी त्यांना तोडलेल्या मोहांच्या खुंटांमधून हिंडताना पाहिलं. "एकबी बोलनी नही, मास्तर," ते म्हणाले. "शिव्या देत्यात तर बरं व्हतं."

पुढच्या हिवाळ्यात जेठीबाईचा मुलगा बायकापोरांसह सुरतेकडे ऊसतोडीला निघाला. म्हातारीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवणार? तिलाही घेतलं. आप्पा मला घेऊन स्टेशनवर गेले. डब्यात चढता चढता तिने त्यांचा दंड धरला.

"आप्पा, तिकडे मोह आहेत का रे?"

"शेतस ना, माय. बराच शेतस."

तिचा चेहरा जरा निवळला. गाडी हलली, दिसेनाशी झाली. आम्ही फलाटावरून बाहेर आलो तेव्हा मी विचारलं, "आप्पा, खरंच आहेत तिकडे मोह?"

"मी कधी गयाच नही तिकडे," आप्पा म्हणाले. "पन दुसरं काय देनं व्हतं, मास्तर, मन्हा हातमा?"