मानाची एक गोळी

वालबुर्गा आफरबेकला आमच्या आल्टनब्रिंक गावाने आयुष्यभरात अकरा फळांच्या टोपल्या दिल्या. तिने पदक आणलं की टोपली, आणि टोपलीबरोबर लुडगर नीहूसचं भाषण. फळं निदान खाता तरी यायची.

नवव्या वर्षी गवत कापायच्या यंत्रात तिचे दोन्ही पाय गुडघ्याच्या वरून गेले. सोळाव्या वर्षी ती पोहण्यात जिल्ह्यात पहिली आली. मग भालाफेक. मग तीन चाकांच्या शर्यतीच्या खुर्चीतून मॅरेथॉन, मग बसून स्की, आणि खांदे कुरकुरू लागल्यावर, पन्नाशीत, रायफल. पाच खेळ, आणि पाचही वेळा देशाच्या संघात. लुडगरला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तो आमच्या नेमबाज मंडळाचा अध्यक्ष, शाळेत तिच्याच वर्गातला. त्याच्या भाषणात ‘तिचं धैर्य’ असे आणि ‘तिचं गोड हसू’ असे.

“अरे, भाला किती मीटर गेला ते सांग ना!” ती खालून ओरडायची.

“बघा, कशी विनोदी आहे आमची वालबुर्गा!” म्हणून हा टाळ्या घ्यायचा.

मी तीस वर्षं रंगभूमीवर काढली. वाईट नट खूप पाहिले, त्यांच्यावर मायाही केली. ते बिचारे निदान संवाद पाठ करून येत.

मंडळाचं सभासदत्व तिने चार वेळा मागितलं. शेवटी त्यांनी तिला मानद सभासद केलं. मानद सभासदाला केक मिळतो, गोळी मिळत नाही. आणि तिला गोळीच हवी होती. जुलैच्या उत्सवात उंच खांबावर लाकडी पक्षी ठोकतात, सभासद पाळीपाळीने त्यावर गोळ्या झाडतात, आणि शेवटचा तुकडा ज्याच्या गोळीने पडेल तो वर्षभर गावाचा राजा. त्याच्या गळ्यात चांदीची साखळी पडते आणि तिच्यात त्याच्या नावाचा एक पत्रा कायमचा चढतो. तिच्या आजोबांचा पत्रा त्या साखळीत होता, वडिलांचाही होता.

त्या वर्षी पक्षी ओकच्या टणक लाकडाचा होता. दोनशे गोळ्या खाऊनही धड हलेना. दुपारी वर्तमानपत्राचा फोटोवाला आला आणि लुडगरला कल्पना सुचली.

“आमच्या लाडक्या वालबुर्गाला मानाची एक गोळी!”

वालबुर्गा सकाळपासून दुर्बीण लावून बसली होती. मी शेजारी सॉसेज खात होते. “मानेखाली चीर गेलीय,” ती मला केव्हाच म्हणाली होती, “आणि ही गाढवं पंखावर मारताहेत.”

फोटोवाला म्हणाला, जरा हसा. ती हसली नाही. तिने एकच गोळी झाडली. अख्खा पक्षी खाली.

लुडगरने घसा साफ केला. “वा, वा! पण मानाची गोळी धरत नाहीत हं.”

“कुठल्या नियमात लिहिलंय?”

“अगं, असं काय करतेस? राजाला उद्या मिरवणुकीत चर्चपर्यंत चालावं लागतं. परंपरा आहे. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.”

“तू राजा झालास तेव्हा चर्चपर्यंत कसा गेलास रे, लुडगर?”

लुडगरचे कान लाल झाले.

“बिअरच्या हातगाडीतून,” बँडमधला म्हातारा ढोलवाला विलिब्राल्ड मागून म्हणाला. “मीच ढकलत होतो. दोनदा ओकला. एकदा तर माझ्या ढोलावर.”

लोक इतके हसले की बाकं हलली. लुडगरने मंडळाच्या जुन्याजाणत्यांकडे पाहिलं. सगळे आपापल्या ग्लासात डोकावत होते.

“घाला आता साखळी, अध्यक्षसाहेब,” विलिब्राल्ड म्हणाला. “सॉसेज गार होताहेत.”

लुडगरने घातली. मी आयुष्यभर पुठ्ठ्याचे मुकुट घातले. इतक्या जड हातांनी कुणी मला ते चढवले नव्हते.

राजाच्या मागे दहा पावलांवर अध्यक्षाने राहायचं, हा नियम मात्र खरोखर लिहिलेला आहे. दुसऱ्या दिवशी वालबुर्गा शर्यतीची जुनी खुर्ची घेऊन आली. मैदान ते चर्च सगळा उतार. बँडने पहिला सूर काढला आणि तिने चाकांना हात घातला.

पिसांची टोपी एका हाताने धरून लुडगर चर्चपाशी पोचला तेव्हा ती घड्याळ बघत बसली होती.

“तीन मिनिटं एकोणीस सेकंद,” ती म्हणाली. “हे सांगशील ना भाषणात?”

त्याने तोंड उघडलं, पण आत हवाच नव्हती. त्या वर्षी भाषण झालं नाही.