पंख्यासमोरचा कागद

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये एकदा मैत्रिणीजवळ तोंड उघडलं होतं, पण ऐन वेळी परीक्षेचं काहीतरी बोलून मोकळी झाले. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून कदाचित इथे जमेल. जमेल का? बघते.

भिंगारमध्ये आमचं गॅरेज आहे. लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जुन्या जीप घेऊन लोक पप्पांकडे येतात. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. मेकॅनिकलला प्रवेश मिळाला तेव्हा पप्पांनी गॅरेजमध्ये येईल त्याला पेढा दिला. टायरवाल्याला दिला, चहावाल्याला दिला, पत्ता विचारायला थांबलेल्या माणसालाही दिला. "पोरगी विंजिनेर व्हनार हाय आमची," म्हणायचे.

पण पाना? पाना त्यांनी माझ्या हातात कधी दिला नाही. "ऱ्हाऊ दे, हात खराब व्हतील." एवढंच.

पाना दत्तादादाच्या हातात असायचा. दत्तादादा म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. दहावी नापास झाल्यावर कर्जतहून आमच्याकडे आला आणि काम शिकला. शिकला म्हणजे काय — पप्पा गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचे आणि त्या हातात बरोबर चौदाचा पाना पडलेला असायचा. न सांगता. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ तो कानाशी धरायचा आणि पप्पा त्याला विचारायचे, "काय म्हनतंय?" त्याला विचारायचे. मी तिथेच उभी असायचे, पुस्तक छातीशी धरून.

मला त्याचा हेवा वाटायचा. हा शब्द लिहायला मला दोन वर्षं लागली. तेव्हा मी त्याला दुसरी नावं देत होते — पप्पांचा वेळ वाया जातो, दादाला बेसिक माहीत नाही, उगीच डोक्यावर चढवून ठेवलाय. पण दुपारी दोघं एका फडक्यावर भाकरी खात कशावर तरी हसत बसायचे, आणि मी जवळ गेले की पप्पा हात पुसून विचारायचे, "अभ्यास झाला का?" एखाद्या पाहुणीला विचारावं तसं. त्या वेळी जे वाटायचं, त्याला हेव्याशिवाय दुसरं काय म्हणणार?

मी सेकंड इयरला होते तेव्हा सुभेदारकाकांची जीप आली. सुभेदारकाका म्हणजे भिंगारमधलेच एक निवृत्त फौजी. डोंगरातल्या कच्च्या वाटांवर गाडी घालायचा त्यांना भारी नाद. जुन्या पेट्रोल इंजिनाला चढाला दम नव्हता, म्हणून त्यांना डिझेल इंजिन बसवून हवं होतं. पप्पा म्हणाले, "ही गाडी दत्ता करनार. म्या बोट लावनार न्हाई. नीट झाली तर गॅरेजची ही बाजू त्याची."

मी घरी जाऊन वहीत आकृती काढली. डिझेल इंजिन लांब. त्याचा मूळचा पंखा रेडिएटरला घासेल, तेव्हा तो काढून विजेवर चालणारा चपटा पंखा लावावा लागेल — असं मोजमाप करून, दोन वेळा तपासून, दुसऱ्या दिवशी वही घेऊन गॅरेजमध्ये गेले. मला वाटलं होतं, आज पप्पा मला विचारतील. पण दादाने इंजिन आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत हात घातला आणि म्हणाला, "चार बोटं हायेत. हिचा पंखा बसायचा न्हाई काका. करंटवरचा चपटा लागंल."

पप्पा हसले. माझ्या वहीकडे बघून म्हणाले, "बघ. पट्टी न्हाई, काय न्हाई."

ते चेष्टेत म्हणाले होते. दादाही हसून म्हणाला, "विंजिनेर, तुजं गनित बराबर आलं की गं!" त्यात टोमणा नव्हता — हे मला आज कळतं. आज कळून काय उपयोग?

पंखा भंगार बाजारातून आणला. त्याच्या दोन्ही वायरी उन्हाने विटून एकसारख्या झालेल्या, कुठली कुठे जोडायची ते रंगावरून कळेना. कशाही जोडल्या तरी पंखा फिरतो, पण उलट्या जोडल्या तर वारा उलटा जातो. रेडिएटरमधून हवा इंजिनाकडे ओढण्याऐवजी इंजिनाचीच गरम हवा पंखा रेडिएटरवर मारत बसतो. गाडी उभी असताना काही जाणवत नाही. चढावर जाणवतं. म्हणून पप्पांच्या गॅरेजमध्ये एक पद्धत आहे. पंखा चालू करायचा आणि रेडिएटरच्या तोंडासमोर वर्तमानपत्राचा कागद धरायचा. कागद जाळीला चिकटला तर बरोबर, उडाला तर वायरी बदलायच्या.

त्या दुपारी पप्पा सामान आणायला नगरला गेले होते. गॅरेजमध्ये आम्ही दोघंच. दादा डॅशबोर्डखाली उताणा पडून स्विच जोडत होता. मला त्याचे फक्त पाय दिसत होते. तो आतून ओरडला, "विंजिनेर, कागद धर गं!"

मी धरला. पंखा सुरू झाला. कागद फडफडला, आणि उडून माझ्या अंगावर आला.

"चिकटला का?"

मी म्हणाले, "चिकटला."

का म्हणाले? मी स्वतःला अनेकदा सांगितलंय की मला फक्त एक दिवस थांबायचं होतं. दुसऱ्या दिवशी पप्पांसमोर मीच कागद धरून दाखवणार होते — बघा, उलटा आहे, दादाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. एकदा तरी पप्पांनी मला विचारावं, "काय म्हनतंय?" म्हणून. हे खरं आहे का? अर्धं असेल. कागद हातात चुरगळताना मला बरं वाटलं होतं, तेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला प्रॅक्टिकल होतं. मी गॅरेज उघडायच्या आधीच कॉलेजला गेले. दहाच्या सुमारास दादाने पाठवलेला फोटो आला. सुभेदारकाका जीपमध्ये बसलेले, हिवरे बाजारच्या पुढचा डोंगर चढवून बघायला निघालेले. बाजूला पप्पा आणि दादा. खाली लिहिलं होतं, "निगाली आपली गाडी."

फोन माझ्या हातात होता. एक फोन केला असता तर? केला असता तर गाडी गेटमध्येच थांबली असती. पण फोटोत पप्पांचा हात दादाच्या खांद्यावर होता. मी तो हात मोठा करून बघितला — दोन बोटांनी स्क्रीन ताणून. आणि फोन बॅगेत टाकला.

चढावर इंजिन तापलं. तापमानाचा काटा कधी लाल रेषेवर गेला ते सुभेदारकाकांना धक्क्यांत कळलंच नाही. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उष्णतेने वाकलं. गाडी दोरीने ओढत परत आणली. मी संध्याकाळी पोहोचले तेव्हा बॉनेट उघडं होतं, तिघंही गाडीभोवती उभे होते, आणि पप्पांनी नुकताच पंखा चालू करून कागद धरला होता. तो पुन्हा उडाला.

पप्पांनी विचारलं, "दत्ता, कागद धरला हुता का न्हाई?"

"धरला हुता काका. हिनंच धरला. चिकटला म्हनली."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. इथपर्यंतसुद्धा मला वाट होती. चुकून म्हणाले, नीट बघितलं नाही, एवढं बोलले असते तरी चाललं असतं. मी म्हणाले, "मी? मला कुणी बोलावलंच नाही. मी तर घरी होते."

सुभेदारकाकांनी मान फिरवली. पप्पा आवाज न चढवता म्हणाले, "चूक समद्यांकडनं व्हती. पन पोरीवर ढकलतूस व्हय रं?"

दादाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही — रागाने बघितलं असतं तर मला बरं पडलं असतं. बिघाड सापडत नसला की तो इंजिनाकडे बघायचा, तसं बघितलं. मग खाली बघून म्हणाला, "ऱ्हायला आसंल काका. इसरलो आसंन."

तो महिनाभरात कर्जतला परत गेला. कुणी त्याला जा म्हटलं नाही. पप्पा आता पाना स्वतःच शोधतात. दादा तिकडे दुसऱ्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंग करतो. इंजिनाला हात लावत नाही, असं काकू सांगत होती. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात भेटला. मला विंजिनेर म्हणाला नाही. "काय ताई, बऱ्या हाय ना तुमी?" असं म्हणून बुंदी वाढत पुढे गेला.

आणि मला हवं होतं ते मिळालं. आता मी शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीच्या दिवशी पप्पा मला गॅरेजमध्ये बोलावतात, पाना देतात, गिऱ्हाइकासमोर मला विचारतात. कुठल्याही गाडीचा पंखा बसवला की कागद धरायला मीच लागते. दुसऱ्या कुणाच्या हातात ते देत नाहीत.

परवा एका जीपचं काम झालं. पप्पा स्टीअरिंगवर होते, मी पुढे कागद धरून उभी. त्यांनी आतून विचारलं, "काय म्हनतोय?"

"चिकटला," मी म्हणाले. खरंच चिकटला होता.

त्यांनी स्विच बंद केला. खाली उतरून बघितलं नाही.