करडईचं तेल प्यालेली सायकल

लग्न होऊन इंदापूरच्या मळ्यात आले तेव्हा माझी अक्कल बहुधा माहेरीच राहिली होती. आमच्या गंजक्या सायकलीच्या चेनला मी तळणीतलं उरलेलं करडईचं तेल भरपूर पाजलं. कारण एकच, जळफळाट. आमचे हे घरी मुके. पण सायकल कुरकुरली की स्टँडाजवळच्या सायकलवाल्याकडं जायचे ते दिवेलागणीला परतायचे. विचारलं तर म्हणायचे, "गप्पा चालल्या व्हत्या." म्हणजे माझ्या वाटणीचं बोलणं तो माणूस खात होता! सायकल कुरकुरलीच नाही तर हे जातील कशाला, असा माझा विचार.

पण तेलावर धूळ बसली आणि चेन पाकात घातल्यासारखी चिकटली. हे शेतात असताना मी सायकल ढकलत त्याच्याकडंच नेली.

एकीची चेन, दुसरीचा मडगार्ड असं जुळवून तो मोडक्या सायकली चालत्या ठेवायचा आणि प्रत्येकीला 'म्हातारे' म्हणायचा. आमच्या चेनीचा वास घेऊन म्हणाला, "म्हातारे, भजी खाल्लीस व्हय?" मग रॉकेलनं चेन धुताना त्याची बडबड जी सुरू झाली, ती थांबेचना.

शेवटी मी फणकारले, "आमच्या मालकांसंगं एवढं काय बोलता हो तुमी? घरी तर त्यांच्या तोंडातून शब्द निघत न्हाय."

त्याचा हात थांबला. "वहिनी, हितं तरी कुठं निघतोय? मीच बोलतो, ते नुसता पंप मारत्यात."