दादाने भरलेला फॉर्म

रायपूरच्या पुरानी बस्तीत आमच्या शेजारी एक बंगाली कुटुंब राहायचं. पूर्व बंगालातून निघालेलं, काही वर्षं शहराबाहेरच्या निर्वासित छावणीत काढलेलं. त्या घरचे काका पंडरीच्या कापडबाजारात शिवणकाम करायचे. गल्लीतले काही जण त्यांना अजूनही 'रिफ्यूजी'च म्हणत. त्यांचा थोरला मुलगा फौजेत होता. मी त्याला दादा म्हणायची. आमच्या स्वयंपाकघरात भाकरी खातखात तो मराठी शिकला होता, तीही आमच्या विदर्भाकडची.

माझी बारावी झाली तेव्हा तो सुट्टीवर आला होता. माझे बाबा रेल्वेत कारकून. "पोट्टीले आता घरीच राहू दे," असं त्यांनी आईला सांगून टाकलं होतं. दादाच्या कानावर ते गेलं आणि संध्याकाळी तो बाबांसमोर येऊन बसला.

"काका, माझ्या आईनं मले फौजेत धाडलं. तुम्ही हिले कॉलेजात धाडाले काहून भिऊन राहिले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. आम्ही तिघं दोन सायकलींवर कॉलेजात गेलो. फॉर्म दादानेच भरला.

पुढच्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. दादा तिरंग्यात परत आला. अख्खा पारा, म्हणजे आमचा सगळा मोहल्ला, रस्त्यावर उतरला होता. रिफ्यूजी म्हणणारेही खांदा द्यायला पुढे झाले. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. माझ्या कॉलेजाविरुद्ध त्यानंतर ते एक शब्दही कधी बोलले नाहीत.

मग रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. नवी खाती उघडली, जागा निघाल्या. बी.ए. झाल्यावर मला मंत्रालयात नोकरी लागली. ऑर्डर घेऊन मी आधी दादाच्या आईकडे, काकूंकडे गेले. त्यांनी ट्रंकेतून त्याचं शेवटचं पत्र काढलं. बंगालीत होतं. ओळीखाली बोट ठेवत त्यांनी मला हिंदीत सांगितलं, "लिखा है, माँ, उसका पहले साल का रिजल्ट आया क्या? पास हुई?"

"तुम्ही कळवलं होतं?" मी विचारलं.

"हव, लिखा था। चिट्ठी वापस आ गई।"

तेही पाकीट त्यांनी जपून ठेवलं होतं, न फोडलेलं.

आभार मला दादाचे मानायचे होते. मी काकूंच्या पाया पडले आणि तशीच रडत बसले. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं.

"पगली, भात खाके जा। कल दफ्तर टाइम पे पहुँचना।"